‘तुम्ही उच्चभ्रू लोक’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ कळेल. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली मुलगी, पुण्यात शिकून गावी परत आलेली. ग्रामसभेत जेटीजवळच्या जागेचा ठराव आला तेव्हा ती उठून एवढंच म्हणाली की आधी सीआरझेडचा (किनाऱ्यालगत बांधकाम कुठे चालेल, कुठे नाही ते ठरवणाऱ्या सरकारी नियमाचा) नकाशा दाखवा, मग हात वर करू. रात्री गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका पुढाऱ्याने टाकलं की असल्या उच्चभ्रू, एलिटिस्ट लोकांमुळे गावाचा विकास थांबतो, आणि त्याखाली तीसेक अंगठे. आता ती विचारते, काका, एलिटिस्ट म्हणजे नक्की काय, मी खरंच तशी आहे का, आणि याला उत्तर काय द्यायचं.

बाय, आधी माझं सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. २२ वर्षं मी तालुका वार्ताहर होतो, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायती हेच माझं काम, आणि गेली १२ वर्षं निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांना ट्रेनिंग देतो, कायदा काय, बजेट कसं वाचायचं, ठराव कसा लिहायचा वगैरे. ग्रामसभा किती बघितल्या त्याचा हिशोब नाही. पण हा एलिटिस्ट शब्द आपल्याकडच्या सभेत मी आत्ता आत्ता ऐकायला लागलो, तो टीव्हीतून आणि मोबाईलमधून आलाय. त्याच्या आधी हेच काम दुसरे शब्द करायचे. "शाणो", "सायब झालो", आणि बाईमाणूस असेल तर "चार बुकां शिकलंस म्हणान आमका शिकवतलंस काय". माल तोच आहे, पॅकिंग बदललं.

शब्दाचंच बघ आधी, मजा आहे. उच्चभ्रू म्हणजे शब्दशः वर चढलेल्या भुवया, इंग्रजीतल्या हायब्रोवरून कोणीतरी संस्कृतात शिवून घेतलेला शब्द. म्हणजे सामान्य माणसाच्या बाजूने बोलतोय असं दाखवायला जो शब्द वापरला तोच किती पुस्तकी! अभिजन हा जुना संस्कृत, चांगल्या कुळातला असा अर्थ. आणि एलिट फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्याचं मूळ लॅटिन, अर्थ निवडून काढलेले, आणि इलेक्शन हा शब्दही त्याच मुळातला आहे. त्या हिशोबाने ज्याला आपण मतं देऊन निवडून काढतो तोच गावातला पहिला एलिट. तुझा तो पुढारी ३ टर्म सदस्य आहे म्हणतेस ना, मग झालं तर.

चेष्टा जाऊ दे. मुद्दा असा आहे की एलिट आणि एलिटिस्ट या दोन गोष्टी लोक एकाच डब्यात भरतात आणि सगळा घोळ तिथे होतो. एलिट असणं ही परिस्थिती झाली, म्हणजे तुझ्याकडे शिक्षण आहे, इंग्रजी आहे, पैसा, जमीन, आडनाव, ओळखी, जे काय असेल ते. एलिटिस्ट असणं हे मत आहे, की ठरवायचा अधिकार आमच्यासारख्या थोड्यांचाच, बाकीच्यांनी ऐकायचं, मान हलवायची आणि सही करायची. माणूस पहिलं असून दुसरं नसू शकतो, आणि खिशात दमडी नसलेला माणूसही पक्का दुसरा असू शकतो, असे मी ढिगाने बघितलेत.

आपल्याच मतदारसंघाचं बघ ना. जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ, १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै तिथून खासदार, वेंगुर्ल्यात जन्मलेले, विलायतेत बॅरिस्टर झालेले, बायको ऑस्ट्रियाची, इंग्रजी असं की लोकसभा गप्प बसून ऐकायची. १९७१ च्या जानेवारीत ते गेले, मग मधू दंडवते आले, मुंबईत कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, मूळचे नगरकडचे, म्हणजे कोकणाच्या भाषेत चक्क भायले, बाहेरचे. कागदावर दोघंही एलिट, शंभर टक्के. पण आमच्या पिढीतल्या कोणाला विचार, यांना कोणी उच्चभ्रू म्हणालं का? दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासच्या स्लीपरला फळकुटं होती, लाकडावर झोपून जायचं, त्यांनी त्याच्यावर फोम घातला. दोन इंच फोम. ७४ च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. आता याच्यासमोर २००९ चं आठव, परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी इकॉनॉमी क्लासला गंमतीत कॅटल क्लास म्हटलं, गुरांचा डबा. ते इंग्रजीत रुळलेलं वाक्य आहे, त्यांनी खुलासा केला, माफीही मागितली, पण लोकांना जे लागायचं ते लागलं. दोघंही हुशार, दोघंही वाचणारे, दोघांचंही इंग्रजी आपल्याला डिक्शनरी घेऊन ऐकावं लागेल असं. लोकांनी फरक कशावरून केला, तर एकाने त्या डब्यातल्या माणसाच्या पाठीचा विचार केला आणि दुसऱ्याच्या विनोदात तो माणूस गुरं झाला. थरूरांवर थोडा अन्याय झाला असं माझं मत आहे, पण राजकारणात विनोदाला तळटीप लावता येत नाही.

आता खरा एलिटिझम कसा दिसतो ते बघायचं असेल तर दिल्लीला जायला नको, खोती बघ. तुझ्या पणजोबांना विचारता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत, सारा तो गोळा करणार, कसणारा वेगळा आणि पिकावर हक्क सांगणारा वेगळा. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ साली जमिनी कसायच्याच बंद केल्या आणि तो संप १९३९ पर्यंत चालला, सहा वर्षं, विचार कर, सहा पावसाळे जमीन ओसाड ठेवायची आणि लाकडं तोडून पोट भरायचं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं, आणि प्रत्यक्षात कायदा व्हायला १९४९ उजाडलं. या सगळ्यात खोत श्रीमंत होता हा भाग आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठा भाग हा की जमिनीबद्दलच्या कुठल्याही बोलण्यात कूळ हा बोलणारा पक्षच धरला जात नव्हता. त्याच्याबद्दल ठरायचं, त्याला सांगितलं जायचं. एलिटिस्ट या शब्दाचं हाड हे आहे, बाकी सगळं मांस.

आणि माणसांवर हे लेबल चिकटवणं किती अवघड आहे याचं उदाहरण पण रत्नागिरीचंच देतो. टिळक रत्नागिरीत जन्मले. त्यांना तेल्यातांबोळ्यांचे पुढारी म्हणतात, काँग्रेस बंगल्यातल्या लोकांकडून काढून रस्त्यावर आणली ती त्यांनी. आणि हेच टिळक १९१७ ला अथणीच्या सभेत तेली-तांबोळी-कुणब्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचंय अशा अर्थाचं बोलले, नक्की शब्द कोणते यावरून आजपर्यंत भांडणं आहेत, पण त्या भाषणाचा डाग काही पुसला गेला नाही. दुसरीकडे गोखले, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, मवाळ, सरकारी कौन्सिलात बसून अदबीने आकडे मांडणारे. लोकांच्या मनातलं चित्र बघशील तर एलिट म्हणजे हेच. पण १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याकडे नेणारं बिल कौन्सिलात कोणी आणलं, तर गोखल्यांनी. पुढच्या वर्षी ते पडलं. मग सांग, दोघांतला एलिटिस्ट कोण? मला विचारशील तर प्रश्नच चुकलाय, माणसाला विचारायच्या ऐवजी प्रत्येक कामाला विचारायला पाहिजे, की या कामाने ठरवणाऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं की लावून घेतलं.

बरं, आता शिवी देणाऱ्याकडे वळू, कारण राजकारणात हा शब्द कोण कोणाला म्हणतो यात अर्धा अर्थ असतो.

तुझ्या गावात सत्ता कोणाकडे आहे ते एकदा शांतपणे मोज. पालखी कोणाच्या दारात आधी जाते, कौल लावताना पुढे कोण बसतं, बारा-पाच मानकऱ्यांत कोणाची घरं. मग मुंबई मंडळ! हे बाहेरच्यांना कळणार नाही पण कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. गाव इथे, पण गावाचा निर्णय लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत, रविवारी, वार्षिक सभेत, आणि मग गणपतीला चाकरमानी येऊन सांगणार की असं असं ठरलंय. देवळाचा जीर्णोद्धार, रंग कुठला, शाळेची खोली कुठे, सगळं. पैसे त्यांनी पाठवलेत हे खरं आहे आणि एके काळी अख्खं कोकण मनीऑर्डरवर जगलंय हे पण खरं आहे, त्यामुळे मी त्यांना शिव्या देत नाही, माझा भाऊच त्या कमिटीत होता. पण इथे राहणाऱ्या बाईने पाण्याच्या टाकीची जागा बदला म्हटलं तर "मंडळात ठरलंय" हे उत्तर तिला मिळतं, हा एलिटिझमच झाला की, गिरणीत आयुष्य घालवलेल्या कामगारांनी केलेला. आणि त्यात आता नवीन भर, जेसीबी आणि चिऱ्याच्या खाणीवाले, कॉन्ट्रॅक्ट घेणारे, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, बोलणार अस्सल मालवणीत, सभेत जमिनीवर मांडी घालून बसणार. यांना कोणी उच्चभ्रू म्हणत नाही. कारण आपण एलिट ओळखतो भाषेवरून आणि कपड्यावरून, सातबाऱ्यावरून ओळखत नाही.

रॉबर्ट मिशेल्स नावाचा एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९११ साली जर्मनीतल्या समाजवादी कामगार पक्षाचा अभ्यास करून लिहिलं की समतेसाठी काढलेल्या पक्षातसुद्धा शेवटी मूठभरच लोक कारभार हातात घेतात, संघटना म्हटली की हे होणारच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलोच, म्हटलं याने आमचं क्रिकेट मंडळ कधी बघितलं, खजिनदार २० वर्षं तोच. (पुढे हा गृहस्थ स्वतः मुसोलिनीच्या पक्षात गेला. मूठभरच राज्य करतात हे एकदा मनाने घेतलं की निदान मूठ तरी दणकट असू दे, असं वाटायला लागत असेल.) पण मुद्दा घेण्यासारखा आहे. प्रत्येक गटात थोडे पुढे असतातच. त्यामुळे "तू एलिट आहेस" हा आरोप जवळजवळ कोणावरही खरा ठरवता येतो, आणि म्हणूनच तो इतका स्वस्त आहे.

अमेरिकेत तर याचा धंदाच झालाय. २००४ ची निवडणूक, बुश विरुद्ध केरी. केरी कसा उच्चभ्रू, समुद्रावर विंडसर्फिंग करतो, अशी जाहिरात बुशच्या बाजूने आली आणि बुश म्हणजे साधा टेक्सासचा रांगडा गडी. दोघंही येल युनिव्हर्सिटीचे! एकाच गुप्त क्लबचे मेंबर! आणि बुशचे वडील स्वतः राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. तरी लेबल चिकटलं ते केरीला. २०१६ ला मात्र हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना टाकाऊ लोकांच्या टोपलीत घातलं, तेव्हा ते लेबल त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं. समोरचा अब्जाधीश, सोन्याच्या नळांचा, पण तो लोकांच्या बाजूचा ठरला. आपल्याकडे २०१९ ला मोदींनी खान मार्केट गँग म्हटलं, ते पण त्याच जातीचं, म्हणजे दिल्लीतले मोजके इंग्रजी बोलणारे विरुद्ध आम्ही सगळे. पंतप्रधान ५ वर्षं सत्तेत असताना स्वतःला बाहेरचा म्हणवू शकतो, ही या शब्दाची ताकद. कुठल्याही पक्षाचा असो, खुर्चीत बसलेला माणूस जेव्हा दुसऱ्याला एलिट म्हणतो तेव्हा मी आधी त्याच्या हातातला कागद बघतो. बहुतेक वेळा त्या कागदाबद्दल प्रश्न आलेला असतो.

पण बाय, इथे थांबलो तर मी तुला नुसतं गोड बोलून परत पाठवल्यासारखं होईल. हा आरोप कधी कधी खरा असतो, आणि माझ्यावर तो झाला तेव्हा खरा होता.

एका गावात, नाव नको, कचऱ्याची शेड बांधायची होती, ओला-सुका वेगळा करायचा, गांडूळखत वगैरे, आणि मी ट्रेनर म्हणून गेलो. लॅपटॉप, पडदा, स्लाइड, ४० मिनिटं बोललो, मध्ये मध्ये इंग्रजी, मला स्वतःलाच फार बरं वाटत होतं. शेवटी एक म्हातारे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, उठले आणि म्हणाले, "ता सगळा बराबर, पण थंय पावसाचा पाणी खंय जातला?" मी हसून म्हटलं, आजोबा, ते टेक्निकल आहे, इंजिनिअर बघतील. लोक हसले, ते बसले, ठराव झाला. जुलैत शेडमध्ये गुडघाभर पाणी आणि अख्ख्या वाडीच्या विहिरींकडे कचरा तरंगत गेला, कारण ती जागा जुन्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाटेत होती आणि हे त्या म्हाताऱ्याला ७० वर्षांपासून माहिती होतं, आणि माझ्या नकाशात व्हाळ नव्हताच. माझी मावशी त्याच वाडीत राहते, ती मला म्हणाली, "तू हल्ली बोलतस तेवा समोरच्याकडे बघनस नाय." माझ्यावर कोणी यापेक्षा चांगली टीका केलेली नाही.

बघ त्यात काय काय झालं. मला माहिती कमी होती हा गुन्हा नव्हता, ती कोणालाच पूर्ण नसते. टेक्निकल हा शब्द मी दार लावून घ्यायला वापरला. जसा तुझा पुढारी उच्चभ्रू हा शब्द दार लावायला वापरतोय, अगदी तसाच. म्हणून मी म्हणतो की त्या दिवशीचा मी आणि तुझा पुढारी, आम्ही दोघं एकाच जातीचे, फक्त माझ्याकडे लॅपटॉप होता.

मग जाणकाराने बोलायचंच नाही का? हे पण फॅड झालंय हल्ली. ब्रिटनमध्ये २०१६ ला युरोपातून बाहेर पडायच्या मतदानाआधी मायकल गोव्ह नावाचे मंत्री टीव्हीवर म्हणाले की लोकांना आता तज्ज्ञांचा कंटाळा आलाय. टाळ्या मिळतात अशा वाक्याला. पण दातदुखीला आपण डेंटिस्टकडेच जातो ना, वाडीतल्या बहुमताकडे जात नाही. प्लेटोने अडीच हजार वर्षांपूर्वी जहाजाचं उदाहरण दिलं होतं, की खलाशांच्या भांडणातून जहाज चालत नाही, वारा-तारे कळणारा माणूस पाहिजे, म्हणून राज्य पण जाणत्यांनी करावं. ऐकायला पटतं. पण प्लेटोला आपला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, माहिती नव्हता. तांडेलाला खडक कळतात, वारा कळतो, सुकाणू त्याच्याच हातात पाहिजे, हे बोटीवरचा कोणी नाकारत नाही. पण म्हणून अख्खी बोट त्याची होत नाही. खलाशाला त्याचा वाटा असतो आणि वादळाचा बावटा लागला असताना जायचं का नाही यात खलाशाचाही जीव असतो. कसं जायचं ते तांडेलाने सांगावं, पण जायचं की नाही, कुठल्या बंदराला, आणि आलेल्या मासळीचे वाटे कसे, हे एकट्या तांडेलाचं काम नाही. एलिटिस्ट म्हणजे ज्याला पहिलं कळतं म्हणून बाकीची तिन्ही आपोआप आपली वाटतात.

आणि तज्ज्ञ नेहमी वरच्यांच्या बाजूला असतो हा पण गैरसमज आहे. पर्ससीनच्या, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, भांडणात काय झालं आठव. रापण, गिलनेटवाले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडत होते की मोठी जाळी सगळी मासळी ओढून नेतात, ऐकतो कोण. शेवटी डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल त्यांच्या कामी आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. अंमलबजावणीचं बोलायला नको, पण गरीबाच्या हातात पहिल्यांदा कागद आला तो तज्ज्ञाचाच. उलट गाडगीळ समितीचं. २०११ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम घाटाचं पर्यावरण जपण्याबद्दलचा अहवाल दिला, आपल्याकडे हवा अशी की पुण्या-बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी एसीत बसून कोकणाला कुलूप लावलं. अहवाल उघडून बघितला असता तर त्यात सारखं सारखं ग्रामसभेला विचारा, खालून ठरवा असंच आहे. पण उघडणार कसा, सरकारने तो कित्येक महिने दाबून ठेवला, बाहेर आला तो २०१२ मध्ये, आणि तो पण जाडजूड इंग्रजीत. ज्या अहवालाने सगळ्यात जास्त अधिकार ग्रामसभेला दिले असते तो ग्रामसभेला वाचता येत नव्हता. यात शास्त्रज्ञांचा दोष किती आणि सरकारचा किती यावर मी रात्रभर भांडू शकतो (सरकारचा जास्त), पण रिकाम्या जागेत उच्चभ्रू हा शब्द कसा घुसतो ते यावरून कळतं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी कशाची वाटते सांगू? कायद्यात गुपचूप शिरलेल्या एलिटिझमची, ज्याला कोणी शिवी देत नाही. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये आणि हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीला उभं राहायला शिक्षणाची अट घातली, हरियाणात सर्वसाधारण पुरुषाला दहावी, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये हरियाणाची अट मान्य केली, शिक्षणामुळेच माणसाला बरं-वाईट कळतं अशा अर्थाचं निकालात लिहिलं. राजस्थानने पुढे अट काढून टाकली. आपल्याकडे २०१७ ला थेट सरपंच निवडणूक आली तेव्हा १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आली. सातवी म्हणजे काय मोठं, असं वाटेल तुला. पण सातवीच्या आत शाळा कोणाची सुटते? धनगरवाड्यावरच्या पोरीची, डोंगर उतरून शाळेत जावं लागणाऱ्याची, आई-बापाबरोबर खाणीवर फिरणाऱ्याची. म्हणजे शाळा द्यायला सरकार कमी पडलं आणि दंड पोराला. माझ्या ट्रेनिंगला एकदा साठीच्या एक सरपंच होत्या, सहीच्या जागी अंगठा, वयामुळे अट त्यांना लागू नव्हती म्हणून बऱ्या. १४ वाड्यांतला कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो ते तोंडपाठ, आणि ग्रामसेवकाला म्हणायच्या की आकडा मोठ्याने वाच, मी ऐकते. दोनदा ऐकून खर्चातली चूक त्यांनी पकडली. ४० जणांच्या बॅचमध्ये बाकी कोणी नाही पकडली, त्यात तीन ग्रॅज्युएट होते. मी पण नाही.

आता तुझ्यावर येतो. तू एलिट आहेस का? हो, गावाच्या मानाने आहेस, नाकारू नको, नाकारलंस की खोटी वाटशील. पुण्याचं शिक्षण, इंग्रजी नोटिफिकेशन वाचता येतं, उद्या भांडण झालं तर परत जायला रूम आहे, हे सगळं त्या सभेतल्या बऱ्याच जणांकडे नाही आणि त्यांना ते दिसतं. एलिटिस्ट आहेस का? तू लिहिलंयस त्यावरून नाही. नकाशा सगळ्यांना दाखवा म्हणणारा माणूस दार उघडायला सांगत असतो. नकाशा मी बघितलाय, तुम्हाला कळणार नाही, ठराव करू नका, असं म्हणाली असतीस तर मी पुढाऱ्याच्या बाजूने अंगठा टाकला असता. फक्त एक शंका मला तुझ्या लिहिण्यात आली. तू लिहिलंयस, "लोकांना सीआरझेड काय ते माहीतच नाही." बाय, लोकांना सीआरझेड तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, फक्त ते त्याला सीआरझेड म्हणत नाहीत. घर दुरुस्तीची परवानगी का अडकते, उधाणाचं पाणी कुठल्या माडापर्यंत येतं, जाळी सुकवायची जागा कोणी कुंपण घालून घेतली, हे सगळं सीआरझेडच आहे. ते वाक्य सभेत बोलली असशील तर अर्धे अंगठे त्या वाक्याला आहेत, पुढाऱ्याला नाहीत.

ग्रुपवर उत्तर देऊ नको. तिथे तू एक वाक्य लिहिशील आणि ४० स्टिकर येतील, आणि "मी एलिटिस्ट नाही" हे वाक्य कितीही साधं लिहिलं तरी एलिटिस्टच वाटतं, त्याला इलाज नाही. त्यापेक्षा तो नकाशा मिळव, आधी ग्रामपंचायतीत लेखी माग आणि पोच घे, नाही दिला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, १० रुपयांचं काम आहे. मोठ्या कागदावर प्रिंट काढ, देवगडला झेरॉक्सवाला काढून देईल, रंगीत काढ नाहीतर रेषा कळत नाहीत. आणि संध्याकाळी होड्या लागतात तेव्हा धक्क्यावर घेऊन जा. बोलू नको फार. नकाशा पसर, चार कोपऱ्यांवर दगड ठेव, वारा असतो, आणि विचार की यात आपली घरं कुठं आहेत, जाळी सुकवतो ती जागा कुठं, व्हाळ कुठून जातो, यांनी दाखवलाय का. बोटं ठेवायला लागतील सगळे, भांडतील आपसात, दे त्यांना पेन, खुणा त्यांनाच करू दे. तो पुढारी पण येईल बघायला, आल्याशिवाय राहणार नाही, त्याला पण पेन दे, आणि पहिलं त्यालाच विचार की भाऊ, तुमचं घर खंय?